लिव्याथान कोण? ईयोबाच्या पुस्तकातल्या त्या अक्राळविक्राळ प्राण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालन्यात आमच्या मंडळीचा बुधवारचा शास्त्राभ्यास मी घेते. बायबलच्या जुन्या करारातलं ईयोबाचं पुस्तक, म्हणजे सगळं गमावलेल्या एका नीतिमान माणसाची गोष्ट, लावलं की चाळिसाव्या अध्यायापासून फोन सुरू होतात. अंबडहून, परतूरहून, लातूरला दिलेल्या लेकींकडून, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वचनं मी माझ्या शब्दांत सांगितली आहेत, तेव्हा वाचताना शास्त्र शेजारी उघडं असू द्या.

१. ताई, लिव्याथान म्हणजे नेमकं काय? बायबलमध्ये तो कुठे कुठे येतो?

हे हिब्रू नाव आहे. वेटोळं घालणारा, पीळ घेणारा असा त्याचा अर्थ धरतात. जुन्या करारात ते मोजून पाच ठिकाणी येतं: ईयोब ३:८, ईयोबाचा ४१ वा अध्याय, स्तोत्र ७४:१४, स्तोत्र १०४:२६ आणि यशया २७:१. नव्या करारात हे नाव एकदाही नाही. सगळ्यात मोठं वर्णन ईयोब ४१ मध्ये आहे. गळाने ओढता येत नाही, नाकात वेसण घालता येत नाही, भाला लागत नाही, असा हा पाण्यातला प्राणी. त्याच्याशी करार होत नाही, पाखरासारखा बांधून तो मुलींना खेळायला देता येत नाही, आणि व्यापारी त्याचा सौदाही करू शकत नाहीत. आपल्या मोंढ्यात ज्याची बोली लागणार नाही असा हा एकच जीव, असं मी वर्गात सांगते.

२. मग ती मगर आहे का देवमासा?

विद्वानांचं यावर कधीच एकमत झालेलं नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या कॅथलिक धर्मपंडितांनी ईयोबावर भाष्य लिहिलं, त्यात लिव्याथान म्हणजे देवमासा आणि बेहेमोथ म्हणजे हत्ती असं धरलं. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन यांनी १५५४-५५ मध्ये जिनिव्हात ईयोबावर १५९ प्रवचनं दिली, त्यांचंही मत तेच. पुढे १६६३ मध्ये सॅम्युएल बोशार या फ्रेंच पाळकाने बायबलमधल्या प्राण्यांवर मोठा ग्रंथ काढला आणि मगर व पाणघोडा ही जोडी मांडली. आज बऱ्याच बायबलांच्या तळटीपेत मगर दिसते ती तिथूनच रुळली.

मगरीच्या बाजूने बोलणाऱ्या खुणा अध्यायात आहेत. ढालींच्या रांगांसारखे खवले, त्यांच्यामधून वारासुद्धा जाणार नाही असे एकमेकांना चिकटलेले. पोट खापऱ्यांसारखं धारदार, आणि चिखलातून गेला की मागे मळणीच्या फळीसारखे ओरखडे उठतात (४१:३०). ही उपमा आपल्याकडे नीट कळत नाही, कारण आपल्या खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरायची. तिकडे खालून दगडाचे दात बसवलेली जड फळी कणसांवरून ओढत. ती ओल्या मातीवरून ओढली तर जसे चरे पडतील, तशी त्या प्राण्याची वाट. ज्याने हे लिहिलं त्याने नदीकाठचा चिखल वाकून पाहिलेला होता, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

पण मगरीच्या तोंडातून ज्वाळा निघत नाहीत, आणि मगरीला माणूस मारू शकतो. म्हणून माझं मत असं की, कवीने मगर पाहिली आणि मगरीपेक्षा मोठं काहीतरी लिहिलं.

३. बेहेमोथ आणि लिव्याथान एकच ना?

नाही. बेहेमोथ ईयोब ४०:१५ पासून येतो, तो जमिनीवरचा, बैलासारखं गवत खाणारा, नदीकाठच्या लव्हाळ्यात पडून राहणारा. लिव्याथान पाण्यातला. बेहेमोथबद्दल देव ईयोबाला सांगतो की, तुला घडवलं तसंच त्यालाही मीच घडवलं. ते वचन सोडून पुढे जाऊ नका.

४. तोंडातून आग, नाकातून धूर, मग तो डायनोसॉर होता का? तसा व्हिडिओ आला होता.

हे व्हिडिओ मला महिन्यातून एकदा तरी येतात. बायबल खरं ठरावं या तळमळीनेच लोक ते पाठवतात, हे मी जाणते. पण ईयोबाचा हा भाग कविता आहे. त्यात डोळे पहाटेच्या पापण्यांसारखे आहेत आणि शिंकेतून प्रकाश चमकतो. पहाटेला पापण्या असतात का, असं आपण विचारत नाही. मग आगीबद्दलच का अडून बसावं? जीवाश्म सापडला तर अध्याय खरा आणि नाही सापडला तर खोटा, अशी अट देवाच्या वचनाला घालू नये. शिवाय ज्याचे सांगाडे संग्रहालयात उभे करता येतात तो प्राणी माणसाच्या हाती लागला, आणि अध्याय तर म्हणतो की हा हाती लागतच नाही.

५. ईयोबाने विचारलं, "माझ्यावर हे का आलं?" आणि देवाने त्याला एक प्राणी दाखवला. हे काय उत्तर झालं?

सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या घरात काहीतरी घडलेलं असतं.

आधी ईयोबाने काय गमावलं ते पाहा. बैलांच्या ५०० जोड्या, ५०० गाढवी, ७,००० मेंढरं, ३,००० उंट आणि दहा लेकरं. तिसऱ्या अध्यायात तो आपला जन्मदिवस शापतो आणि म्हणतो, लिव्याथानाला जागं करणाऱ्यांनीसुद्धा त्या दिवसाला शाप द्यावा. म्हणजे पुस्तकात लिव्याथानाचं नाव आधी ईयोबानेच काढलं आहे. दुःखाने वेडापिसा झालेला बाप म्हणतो, सगळा अंधार सुटू दे, जग उलटं होऊ दे. पस्तीस अध्यायांनंतर देव वावटळीतून बोलतो आणि शेवटी त्याच लिव्याथानाशी येऊन थांबतो. तू ज्याला हाक मारलीस तो हा बघ. तू त्याला धरू शकत नाहीस. मी धरतो.

देव कारण सांगत नाही, हे खरं. पहिल्या अध्यायात सैतानाशी काय बोलणं झालं होतं तेही ईयोबाला कधी कळत नाही. ते मला फार वर्षं खुपत होतं. त्याहून जास्त खुपायचं ते ३८:२६. देव म्हणतो, माणूस राहत नाही त्या रानावर मी पाऊस पाडतो. जुलै संपत आला आहे, दुबार पेरणी डोक्यावर आहे, २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तसं साल आहे, आणि अशा वेळी हे वचन वाचा. आमच्या वर्गात एका काकांनी पुस्तक मिटून ठेवलं होतं. मी त्यांना उघडायला सांगितलं नाही.

आता मी ते असं वाचते: जग आपल्या शेतापुरतं नाही, आपल्या पापपुण्याच्या हिशोबापुरतंही नाही. आपल्याला नांगरता येत नाही, विकता येत नाही, वेसण घालता येत नाही असं बरंच काही देवाने केलं आहे आणि ते त्याच्या नजरेखाली आहे. ईयोबावर आलेलं संकट त्याच्या पापाची शिक्षा नव्हतं, एवढं मात्र देवाच्या बोलण्यावरून कळतं (४२:७). त्याच्या मित्रांना तो रागावतो, कारण ते हिशोब मांडत बसले होते.

६. लिव्याथान म्हणजेच सैतान, असं आमच्याकडे शिकवतात. बरोबर आहे का?

हे शिक्षण फार जुनं आहे. यशया २७:१ मध्ये लिव्याथानाला पळणारा सर्प, वाकडातिकडा सर्प म्हटलं आहे, आणि परमेश्वर आपल्या तलवारीने त्याला शासन करील असं वचन आहे. प्रकटीकरण १२:९ मध्ये अजगराला जुनाट सर्प, म्हणजे दियाबल आणि सैतान, म्हटलं आहे. एदेन बागेतला सर्प आठवून प्राचीन मंडळीने या तिन्ही जागा जोडल्या. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडितांनी ईयोबातला लिव्याथान सैतान म्हणून वाचला, सहाव्या शतकात पोप ग्रेगरी यांनी ईयोबावरच्या आपल्या ३५ भागांच्या भाष्यात तेच विस्ताराने मांडलं. अक्वायनस यांनी दोन्ही ठेवलं: प्राणी खराच, पण त्याच्या आडून सैतानाचं चित्र. कॅल्विन यांना ही रूपकं पटली नाहीत. त्यांच्या मते इथे देव आपल्या सृष्टीतली खरी जनावरं दाखवून माणसाला नम्र करतो.

मी वर्गात प्रत्येक जागा तिच्या जागी वाचायला सांगते. स्तोत्र १०४ मध्ये तो देवाने घडवलेला जीव आहे. यशयात तो शत्रू आहे. प्रकटीकरणात त्या चित्राला सैतानाचं नाव मिळतं. प्रकटीकरणातला अर्थ उचलून स्तोत्र १०४ वर टाकला तर सैतान देवाच्या समुद्रात आनंदाने बागडतो असं म्हणावं लागेल, आणि ते कोणीच म्हणणार नाही.

यशया २७ कुणाला वाचायचा असेल तर पहिल्या वचनावर थांबू नका. तलवारीनंतर लगेच द्राक्षमळा येतो. परमेश्वर म्हणतो, मी त्याची राखण करतो, त्याला क्षणोक्षणी पाणी देतो, कोणी नासधूस करू नये म्हणून रात्रंदिवस जपतो. कडवंचीच्या बागाईतदाराला हे वचन मी समजावून सांगायची गरज नाही.

७. "येशू म्हणजे गळाला लावलेलं आमिष" असं एका पुस्तकात वाचलं. ऐकून कसंतरीच झालं. हे खरंच कुणी शिकवलं का?

हो, आणि मोठमोठ्या भक्तांनी शिकवलं. चौथ्या शतकात निस्साचे बिशप ग्रेगरी (प्रश्न ६ मधले पोप ग्रेगरी वेगळे) यांनी हे चित्र मांडलं. देवाने ईयोबाला विचारलं होतं, लिव्याथानाला गळाने ओढशील का? माणसाला ते जमणार नव्हतं, देवानेच केलं. ख्रिस्ताचा मानवी देह हे आमिष आणि त्याच्या आत लपलेलं देवत्व हा गळ. मृत्यूने नेहमीसारखा घास घेतला आणि तो अडकला.

पैठणला नाथसागराच्या काठावर मी एका भोईदादांना गळ लावताना जवळून पाहिलं आहे. कणकेची गोळी त्यांनी बोटांत इतकी मळली की ती रबरासारखी झाली. मग ती गळावर अशी चढवली की टोकाचा उलटा काटाही दिसेना. म्हणाले, "माशाला काटा दिसला की संपलं." त्या उलट्या काट्यामुळेच गळ आत जातो तो सरळ परत निघत नाही. ते पाहिल्यावर ग्रेगरींना काय म्हणायचं होतं ते माझ्या डोक्यात बसलं. करिंथकरांस पहिल्या पत्रात (२:८) पौल हेच म्हणतो: या युगाच्या अधिकाऱ्यांना कळलं असतं तर त्यांनी गौरवाच्या प्रभूला वधस्तंभावर दिलंच नसतं.

पोप ग्रेगरींनी त्यात आणखी एक भर घातली, ती मला सगळ्यात आवडते. गळ आहे तर दोरी कुठे आहे? ते म्हणतात, दोरी म्हणजे मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ. अब्राहामाला इसहाक, इसहाकाला याकोब, ही जी नावांची माळ आपण वाचताना भराभर उरकतो, ती पिढ्यान्‌पिढ्या वळलेली दोरी आहे आणि तिच्या टोकाला ख्रिस्त आहे. बाराव्या शतकात आल्सेस प्रांतातल्या हेराड नावाच्या मठाध्यक्षीणबाईंच्या हस्तलिखितात याचं चित्रच होतं. वर देव बसला आहे, हातात गळाची काठी, दोरीवर पूर्वजांचे चेहरे ओवलेले, आणि खाली लिव्याथानाच्या जबड्यात वधस्तंभावरचा ख्रिस्त. मूळ हस्तलिखित १८७० मध्ये स्ट्रासबुर्गच्या वेढ्यात जळालं, पण आधी काढून ठेवलेल्या नकला आहेत.

तुम्हाला कसंतरी वाटलं, तसं जुन्या काळीही लोकांना वाटलं. देव फसवतो का, असा प्रश्न तेव्हाच निघाला होता. निस्साच्या ग्रेगरींचं उत्तर असं की, माणसाला फसवणाऱ्याची फसगत झाली हा न्यायच आहे, आणि त्यात हेतू बरं करण्याचा आहे. अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्म या धर्मपंडितांनी हा विचार बाजूला सारला. सैतानाचा माणसावर काही हक्कच नव्हता, मग त्याच्याशी देवाणघेवाण कसली, असं त्यांचं म्हणणं. मलाही सिद्धांत म्हणून अँसेल्म पटतात. पण गुड फ्रायडेला मनात येतो तो नाथसागराचा काठ.

८. स्तोत्र ७४ मध्ये देव लिव्याथानाची डोकी ठेचतो, १०४ मध्ये तोच मजेत खेळतोय. कोणतं खरं?

दोन्ही. स्तोत्र ७४ हे मंदिर उद्ध्वस्त झाल्यावरचं रडणं आहे. राखेत उभा राहून भक्त म्हणतो, देवा, पूर्वी तू समुद्र दुभागलास, त्या राक्षसाची डोकी फोडलीस, मग आता हात का आखडलास? स्तोत्र १०४ शांत दिवसाचं आहे. डोंगरात झरे, कुरणात गुरं, माणूस सकाळी कामाला जातो, समुद्रात जहाजं आणि तिथेच लिव्याथान, खेळण्यासाठी घडवलेला. ज्यू परंपरेत तर असंही म्हणतात की देव रोज काही वेळ त्याच्याशी खेळतो. एकाच घरात रडण्याचे आणि गाण्याचे दिवस असतात, तशी ही दोन स्तोत्रं एकाच पुस्तकात आहेत.

९. यशयात "राहाब" येते, ती यरीहोची राहाब का?

नाही. मराठीत लिहिताना नावं सारखी दिसतात, हिब्रूत अक्षर वेगळं आहे. यरीहोची राहाब ही हेरांना लपवणारी स्त्री, मत्तयाच्या वंशावळीत तिचं नाव आहे. ईयोब २६:१२ आणि यशया ५१:९ मधली राहाब ही समुद्रातली राक्षसी शक्ती, लिव्याथानाच्या जातीची. यशया ३०:७ मध्ये हेच नाव मिसर देशाला लावलं आहे. यहेज्केल २९:३ मध्ये फारोला नदीत पसरलेला अजगर म्हटलंय, तोही याच रांगेतला.

१०. कॉलेजात सरांनी सांगितलं की ही गोष्ट कनानी लोकांकडून उचलली आहे. मग काय उत्तर द्यायचं?

सरांशी भांडू नका, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. १९२८ मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामराजवळ एका शेतकऱ्याचा नांगर दगडाला अडला, खाली जुनी कबर निघाली. पुढच्या वर्षी खोदकाम सुरू झालं आणि उगारित हे शहर सापडलं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर बआल देवाच्या कथा आहेत, इसवी सनापूर्वी तेराव्या-चौदाव्या शतकातल्या. त्यात सात डोक्यांचा लोतान आहे, आणि त्याला पळणारा, वाकडातिकडा सर्प म्हटलं आहे. यशया २७ चेच शब्द.

आता फरक बघा. उत्पत्ती १:२१ मध्ये समुद्रातले प्रचंड जलचर देवाने घडवले आणि ते चांगलं आहे असं पाहिलं, एवढंच येतं. तिथे युद्ध नाही. शेजाऱ्याची भाषा वापरून शेजाऱ्यापेक्षा वेगळं बोलता येतं. आपण मराठी ख्रिस्ती लोक अभंगात आणि ओवीत प्रभूचं नाव घेतच आलो आहोत, त्यामुळे हे आपल्याला तरी अवघड वाटू नये.

११. शेजारच्या काकू म्हणाल्या, हे तर आमच्या कालियामर्दनासारखं आहे. आहे का?

चित्र जवळचं आहे: पाण्यातला अनेक फण्यांचा सर्प आणि त्याच्या डोक्यांवर विजय. कालियाला जीवदान देऊन यमुनेतून घालवलं जातं, स्तोत्र ७४ मध्ये डोकी ठेचली जातात. काकूंनी एवढ्या आपुलकीने विचारलं आहे तर त्यांची गोष्ट पूर्ण ऐका, मग स्तोत्र १०४ वाचून दाखवा.

१२. प्रकटीकरणातलं ६६६ वालं श्वापद म्हणजे लिव्याथानच का?

थेट नाही, पण नात्यातलं आहे. प्रकटीकरण १३ मध्ये एक श्वापद समुद्रातून आणि दुसरं भूमीतून वर येतं. ज्यू लिखाणांत लिव्याथान समुद्रात आणि बेहेमोथ कोरड्या भूमीवर अशी वाटणी आधीपासून होती, योहानाच्या वाचकांना ती माहीत असणार. "श्वापदासारखं कोण आहे?" हा लोकांचा उद्गारसुद्धा ईयोब ४१:३३ ची आठवण देतो. ६६६ चा आकडा मात्र लिव्याथानाशी जोडू नका, तो १३:१८ मधल्या श्वापदाचा आहे. आणि २१:१ वाचा: नव्या पृथ्वीवर समुद्रच उरत नाही.

१३. जुन्या इंग्रजी बायबलात ईयोब ३९ मध्ये एकशिंगी घोडा आहे म्हणे?

तिथे हिब्रूत रेएम हा शब्द आहे, म्हणजे रानबैल. ग्रीक भाषांतरात तो एकशिंगी झाला आणि १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तसाच उतरला. मध्ययुगात त्या एकशिंग्यात लोकांनी ख्रिस्ताचं चित्र पाहिलं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला मूळ अर्थच जास्त भिडेल. हा तुझ्या गव्हाणीपाशी रात्र काढील का, औताला जुंपला जाईल का, तुझं धान्य खळ्यावर आणील का, असं देव विचारतो. पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग लावणाऱ्या गावात हे वाचून पाहा.

१४. एका सभेत प्रार्थना करताना सांगितलं की माझ्या घरात "लिव्याथानाचा आत्मा" आहे, म्हणून संकटं येतात. काय करू?

आधी घाबरू नका.

बायबलमध्ये लिव्याथानाचा आत्मा असा शब्द कुठेही नाही. ४१:३४ मध्ये त्याला सगळ्या गर्विष्ठांचा राजा म्हटलं आहे, त्यावरून गर्वाचा आत्मा अशी शिकवण अलीकडच्या काही सभांमधून पसरली. १५८९ मध्ये पीटर बिन्सफेल्ड नावाच्या जर्मन बिशपने प्रत्येक मोठ्या पापाला एकेक दुष्टात्मा नेमून दिला होता, त्यात लिव्याथानाच्या वाट्याला मत्सर आला. एकाने मत्सर म्हटलं, दुसऱ्याने गर्व. हे शास्त्रात लिहिलेलं असतं तर असं झालं नसतं.

आमच्याकडच्या एका मावशींचा मुलगा विहिरीत बुडून गेला. त्यांना बाहेरून आलेल्या एका वक्त्याने भर सभेत हेच सांगितलं. पुढचे कित्येक महिने त्या माउली स्वतःत गर्व शोधत बसल्या. लेकाच्या दहावीच्या मार्कांचं चारचौघांत कौतुक केलं होतं, तोच गर्व असेल का, असं त्यांनी मला विचारलं. त्यांचा हात हातात घेऊन बसण्यापलीकडे मला त्या दिवशी काही सुचलं नाही. नंतर आम्ही दोघींनी मिळून ईयोब पहिल्या अध्यायापासून वाचला, आणि ४२:७ ला त्या रडल्या.

ज्यांनी ईयोबाला सांगितलं की तुझ्यातच काहीतरी खोट आहे, त्यांच्यावर देव कोपला. ज्या पुस्तकात हे लिहिलं आहे, त्याच पुस्तकातला प्राणी उचलून शोक करणाऱ्या बाईवर फेकणं हे वचनाच्या अगदी उलट आहे. गर्व असेल तर पश्चात्ताप करावा, त्याला विशेष सभेची आणि विशेष दानाची गरज नाही. आपल्या पाळकसाहेबांशी बोला, घरच्यांशी बोला. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर डॉक्टरांकडेही जा, त्याने विश्वास कमी होत नाही.

१५. माझ्या मैत्रिणीच्या कॅथलिक बायबलात ४१ व्या अध्यायाचे आकडे जुळत नाहीत. पान गहाळ आहे का?

काही गहाळ नाही. हिब्रू मोजणीत आपल्या ४१:१-८ ही वचनं ४०:२५-३२ अशी येतात, आणि काही कॅथलिक आवृत्त्या तीच मोजणी ठेवतात. मजकूर तोच.

१६. संडे स्कूलच्या लेकरांना हा धडा शिकवावा का? घाबरतील ना?

लेकरं घाबरत नाहीत, खूश होतात. मी त्यांना चित्र काढायला लावते आणि स्तोत्र १०४ पासून सुरुवात करते. आमच्यातल्या बऱ्याच मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, म्हणून लिव्याथान कधी नाथसागरात तर कधी घाणेवाडीच्या तलावात पोहतो. एका मुलीने त्याच्या शेजारी देव काढला होता, दोघांच्या मध्ये चेंडू. सैतानाचा विषय (प्रश्न ६) मोठ्या वर्गासाठी ठेवा.

१७. दुःखाच्या घरी सांत्वनाला जाताना ईयोब ४१ वाचावा का?

पहिल्या भेटीत नको. ईयोबाचे मित्र पुढे चुकले खरे, पण सुरुवातीचे सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत (२:१३). तेवढं तरी त्यांच्याकडून घ्यावं. वाचायचंच असेल तर तिसरा अध्याय वाचा, ईयोबाची ती कडवट किंकाळी. घरच्यांना कळतं की असं बोललेलंही शास्त्रात आहे. चाळीस-एकेचाळीस नंतर, कधी त्यांनी स्वतःहून प्रश्न ५ विचारला तर. मावशींनी तो विचारायला दीड वर्ष घेतलं.